तुम्ही विचारलंत म्हणून: हा बॅरी सँडर्स कोण लागून गेला?

भारतातून कुणी पाहुणे आले आणि शनिवारी आमच्या टीव्हीवर अमेरिकन कॉलेज फुटबॉल लागलेलं दिसलं, की प्रश्न ठरलेला. "पोराटोरांचा खेळ तो, त्यात एवढं काय बघायचं? आणि तुमचा तो बॅरी सँडर्स एवढा कोण लागून गेलाय?" पहिल्या प्रश्नाचं मी फार मनावर घेत नाही, त्या पोरांना बघायला काही मैदानांवर लाखभर माणसं जमतात, एवढं सांगून सोडून देतो. दुसऱ्यावर मात्र मला बोलायचं असतं.

बॅरी रनिंग बॅक होता. रनिंग बॅक म्हणजे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे संघाचा डाव चालवणाऱ्या खेळाडूच्या, हातून चेंडू घेऊन समोरच्या धिप्पाड भिंतीतून वाट काढणारा. एका सामन्यात चेंडू घेऊन एकूण १०० यार्ड पुढे पळाला, म्हणजे १०० यार्ड काढले, की त्याचा दिवस चांगला गेला. सँडर्स कॅन्सस राज्यातल्या विचिटाचा, उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या संघात पहिली दोन वर्षं त्याचा मुक्काम मुख्यतः राखीव खेळाडूंत होता, कारण पुढे थर्मन थॉमस उभा होता, तोही पुढे मोठा झालेला खेळाडू. बॅरीच्या वाट्याला यायचं ते किकऑफ परतवणं, म्हणजे समोरच्या संघाने लाथाडलेला चेंडू झेलून उलट पळत नेणं. त्यातही १९८७ साली तो देशात पहिला होता!

थॉमस गेला आणि १९८८ चा मोसम बॅरीला मिळाला. पहिल्याच सामन्यात पहिली किक त्याने १०० यार्ड पळत नेली. पुढे अकरा सामन्यांत २,६२८ यार्ड, म्हणजे सामन्यामागे सुमारे २३९. धावून केलेले टचडाउन, म्हणजे चेंडू थेट समोरच्यांच्या गोलरेषेपार नेणं, ३७. चार सामन्यांत तीनशे यार्डांच्या वर. एका मोसमात धावून काढलेल्या यार्डांचा आधीचा विक्रम मार्कस ॲलनचा, १९८१ मधला, २,३४२ यार्डांचा. तो मोडला कुठे, तर टोकियोत. टेक्सस टेकविरुद्धचा शेवटचा साखळी सामना तिथे ठेवला होता, त्यामुळे इकडे न्यूयॉर्कमध्ये हाइझमन ट्रॉफीसाठी, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी, त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा हा जपानात. त्या सामन्यात त्याने ३३२ यार्ड काढले.

आता माझी खरी तक्रार. मोसम संपल्यावर निवडक संघांत जे खास सामने होतात त्यांना बाउल म्हणतात; त्यातल्या हॉलिडे बाउलमध्ये वायोमिंगविरुद्ध त्याने आणखी २२२ यार्ड आणि पाच टचडाउन केले. ते कुठल्याच हिशेबात नाहीत! तेव्हा बाउल सामन्यांतली आकडेवारी मोसमाच्या विक्रमात धरत नसत. २००२ पासून धरू लागले, पण मागचे आकडे तसेच राहिले. रणजीच्या अंतिम सामन्यातल्या धावा धरायच्या नाहीत असं कुणी म्हटलं, तर आपण गप्प बसू का? माझ्या हिशेबी त्याचे २,८५० आहेत.

२०२४ मध्ये बॉयसी स्टेटचा ॲश्टन जेंटी या विक्रमाच्या अगदी जवळ आला. पोरगा जबरदस्त, त्यात वादच नाही. फिएस्टा बाउलमध्ये पेन स्टेटने त्याला १०४ यार्डांवर रोखलं आणि तो २,६०१ वर थांबला. पण हे चौदा सामन्यांत, बाउल धरून. त्या दिवशी २८ यार्ड जास्त मिळाले असते तर कागदावर विक्रम त्याचा झाला असता, आणि मी इथे जास्तच चिडून लिहिलं असतं.

टचडाउन झाल्यावर सँडर्स नाचायचा नाही. चेंडू पंचाच्या हातात द्यायचा आणि चालू लागायचा. कॉलेजचं चौथं वर्ष शिल्लक असतानाच तो डेट्रॉइट लायन्स या व्यावसायिक संघाकडे गेला, दहा मोसम खेळला आणि जुलै १९९९ मध्ये, ऐन एकतिशीत, विचिटातल्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्त झाला. व्यावसायिक फुटबॉलमध्ये अख्ख्या कारकिर्दीत धावून काढलेल्या यार्डांच्या वॉल्टर पेटनच्या विक्रमाला तेव्हा १,४५७ यार्ड कमी होते, आणि आदल्याच मोसमात याने १,४९१ काढले होते. डेट्रॉइटचे लोक यावर पुढे कित्येक वर्षं हळहळत राहिले. सततच्या पराभवांना कंटाळला होता, असं त्याने नंतर सांगितलं. मला ते पटतं. आणखी एक वर्ष केवळ आकड्यासाठी रेटणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.