विली ईसनची बोलकी गिटार

रेडिओवर हिंदी गाण्यांच्या धुना लागायच्या आणि निवेदक ‘हवाईयन गिटार’ असं सांगायचा, ते वाद्य ज्यांना आठवतं त्यांना मी कशाबद्दल लिहिते आहे हे चटकन कळेल. इकडे अमेरिकेत त्याला स्टील गिटार म्हणतात. मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. पडद्यांवर बोटं दाबायची नसल्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट ऐकू येते. आपल्याकडे व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी तिच्यावर चित्रपटगीतं वाजवली, ब्रिजभूषण काबरांनी राग वाजवले. मींडेवर जीव टाकणाऱ्या आपल्या कानांना हे वाद्य कधी परकं वाटलंच नाही.

मी राहते ते रॉचेस्टर शहर न्यूयॉर्क राज्यातलंच, पण न्यूयॉर्क शहरापासून गाडीने पाच-सहा तास लांब, ऑन्टारिओ सरोवराच्या काठी. स्टील गिटार म्हटलं की इथेही बहुतेकांना कंट्री संगीत आठवतं: गोरे वादक, काउबॉय टोप्या, नॅशव्हिल. पण याच रॉचेस्टरमधून कॅम्पबेल बंधू पुढे आले. हे कृष्णवर्णीय भाऊ चर्चमध्ये वाजवत मोठे झाले. चक कॅम्पबेल पेडल स्टील वाजवतात, म्हणजे पायाखालच्या पट्ट्यांनी आणि गुडघ्याच्या खटक्यांनी तारांचे सूर वाजता वाजता बदलता येतात ती मोठी, उभ्या पायांवरची गिटार. डॅरिक साधी लॅप स्टील वाजवत. ते २०२० मध्ये वारले. तिसरे भाऊ फिल नेहमीची गिटार वाजवतात. चक यांना २००४ साली नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली. पारंपरिक कलांसाठी या देशात याहून मोठा सरकारी सन्मान नाही. यांनी हे कुणाकडून घेतलं, त्यांनी कुणाकडून, असं विचारत मी मागे मागे गेले आणि जी माणसं सापडली त्यांच्याबद्दल मराठीत लिहायलाच हवं असं वाटू लागलं.

कॅम्पबेल बंधू ज्या चर्चमध्ये वाढले ते हाऊस ऑफ गॉड या पंथाचं. हा कृष्णवर्णीयांचा पेंटेकॉस्टल, म्हणजे गाणं, टाळ्या आणि अंगात येणारी भक्ती यांना मोठं स्थान देणारा ख्रिस्ती पंथ. मेरी मॅग्डलेना टेट या बाईंनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला दक्षिणेकडच्या राज्यांत तो उभा केला. त्या काळात, त्या मुलखात, एका कृष्णवर्णीय बाईने गावोगाव फिरून संदेश द्यावा आणि मंडळी जमवावी ही लहान गोष्ट नव्हे. अनुयायी त्यांना ‘मदर टेट’ म्हणत. १९३० मध्ये त्या गेल्या आणि पंथाच्या तीन शाखा झाल्या. त्यांतल्या कीथ आणि ज्यूएल या दोन शाखांमध्ये स्टील गिटार रुजली, इतकी की इतर कृष्णवर्णीय चर्चमध्ये जे काम ऑर्गन करतो ते इथे स्टील गिटार करते.

हवाई बेटांवरचं वाद्य तिथवर कसं पोचलं? लाइए गावच्या जोसेफ केकूकू या शाळकरी मुलाने १८८९ च्या सुमारास धातूचा तुकडा तारांवर सरकवून ही पद्धत बसवली असं मानतात. (या श्रेयाचे दुसरे दावेदारही आहेत, आणि त्यांतला गॅब्रिएल डेव्हियन हा भारतात जन्मलेला, एका जहाजाच्या कप्तानाने पळवून नेलेला मुलगा होता असं सांगतात. या गोष्टीच्या मागे कुणीतरी अभ्यासकाने लागायला हवं.) १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी अमेरिकेला वेड लावलं. हवाईयन संगीताच्या तबकड्या खपू लागल्या, शिकवण्या निघाल्या. १९३० च्या दशकात विजेवरची गिटार बाजारात आली तीही आधी आडवी वाजवायचीच.

त्याच दशकात फिलाडेल्फियामध्ये ट्रोमन ईसन या तरुणाने रेडिओवर एका हवाईयन वादकाला ऐकलं आणि त्याच्याकडे शिकवणी लावली. ईसन कुटुंब मूळचं जॉर्जिया राज्यातलं. दक्षिणेकडून उत्तरेच्या शहरांत पोट भरायला आलेल्या लाखो कृष्णवर्णीयांपैकी एक. ट्रोमन चर्चमध्ये वाजवत ते गुरूने शिकवलेलं, गोड आणि संथ. त्यांचा धाकटा भाऊ विली, जन्म १९२१, घरात हे ऐकत होता. त्याने गिटार हातात घेतली तेव्हा हवाईचं काहीच शिल्लक ठेवलं नाही. थोरल्याची ती भरगच्च सुरावट सोडून तो बहुतेक वेळ एकाच तारेवर वाजवू लागला आणि त्या तारेतून माणसाचा गळा काढू लागला. मंडळीतल्या बायका जशा एखाद्या शब्दावर हुंदका घेतात, पाळक जसा वाक्य तोडून श्वास ओढतो, तसं. ओळ अर्धी म्हणायची आणि उरलेली गिटारकडून म्हणवून घ्यायची. लोक त्याला ‘लिटल विली आणि त्याची बोलकी गिटार’ म्हणू लागले.

माझ्या मते या साऱ्या परंपरेचा जन्म त्या एका निर्णयात आहे. वाद्य हवाईचं राहिलं, बोली मात्र चर्चची झाली.

विली ईसन गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर घेऊन गावोगाव फिरले. प्रवचनकारांच्या तांड्यांबरोबर फिरले, एकटेही फिरले, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून वाजवत. १९४० च्या दशकात त्यांच्या थोड्या तबकड्या निघाल्या. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट गेल्यावर त्यांच्या आठवणीत केलेलं एक लांबलचक गाणं त्यांनी सोल स्टिरर्स या नावाजलेल्या गायकांबरोबर १९४७ मध्ये ध्वनिमुद्रित केलं. त्यानंतर ध्वनिमुद्रणाच्या जगाने त्यांच्याकडे जवळजवळ पाठच फिरवली. पुढे ते फ्लोरिडात स्थायिक झाले, भाजलेल्या मांसाचं खानावळवजा दुकान चालवलं, आणि २००५ मध्ये वारले. पूर्व किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांतली मुलं त्यांना बघून या वाद्याकडे वळली होती.

त्यांतलाच एक हेन्री नेल्सन, फ्लोरिडातल्या ओकाला गावचा, बिशपचा मुलगा. विलींचं लग्न हेन्रीच्या बहिणीशी झालं आणि मेहुण्याला घरातच गुरू मिळाला. नेल्सन यांची मोठी कामगिरी लयीची. उपासना रंगात येते, टाळ्या आणि पाय एका ठेक्यावर पडू लागतात, तेव्हा गिटारने नुसतं गाऊन भागत नाही, रेटा द्यावा लागतो. तो रेटा तारांवर कसा छेडायचा हे त्यांनी बसवलं, आणि फ्लोरिडातले वादक आजही ते त्यांच्याच पद्धतीने वाजवतात. नेल्सन २००१ मध्ये गेले.

ज्यूएल शाखेत लोरेन्झो हॅरिसन होते. त्यांची ढब वेगळीच, डोलणारी, मऊ, बूगीच्या, म्हणजे ब्लूजमधल्या नाचऱ्या ठेक्याच्या, अंगाने जाणारी. पुढे त्यांनी पायाखाली वा-वा पेडल घेतलं आणि गिटारचा सूर तोंड उघडल्या-मिटल्यासारखा येऊ लागला. शाखेच्या प्रमुख बिशप मॅटी लू ज्यूएल यांच्याबरोबर ते आपल्या वादकांसह गावोगावच्या मेळाव्यांना जात. त्यामुळे त्या शाखेतल्या प्रत्येक होतकरू वादकासमोर नमुना एकच, हॅरिसन. एका पंथाच्या दोन शाखा, वाद्य तेच, आणि अर्ध्या शतकात दोन घराणी तयार झाली. हे ऐकून ओळखता येतं, आणि ओळखता येऊ लागलं की त्यातली गोडी काही औरच.

डेट्रॉइटमध्ये आणखी एक फळी उभी राहिली. टेड बियर्ड, फेल्टन विल्यम्स, कॅल्विन कुक. कुक यांचा जन्म १९४४ चा. त्यांनी क्रायस्लरच्या मोटारींच्या कारखान्यात वर्षानुवर्षं नोकरी केली आणि उरलेल्या वेळात चर्चमध्ये वाजवलं. नॅशव्हिलमध्ये कीथ शाखेचं वार्षिक अधिवेशन भरतं, देशभरातली मंडळी तिथे जमतात, आणि तिथे मुख्य गिटारवर बसायला मिळणं हा वादकाचा खरा मान. कंट्री संगीताची राजधानी तेच शहर. तिथल्या नामांकित स्टील वादकांच्या स्टुडिओंपासून काही मैलांवर हे वादक दरवर्षी हजारोंसमोर वाजवत होते, आणि बाहेर त्याची दखल नव्हती.

एका सहकाऱ्याच्या कुटुंबाबरोबर मी अशा उपासनेला जाऊन बसले आहे. दारातच पांढऱ्या कपड्यांतल्या वडीलधाऱ्या बायकांनी मिठी मारली. पाळक बोलायला लागले तेव्हा गिटार गप्प होती. मग त्यांच्या एका वाक्यामागे तिने हळूच हुंकार दिला, पुढच्या वाक्याला दोन शब्दांचं उत्तर दिलं, आणि अर्ध्या तासाने बोलतंय कोण आणि वाजवतंय कोण हे वेगळं काढता येईना. वादक तारांकडे बघतच नव्हता. त्याची नजर माणसांवर: कोण उभं राहिलं, कुणाचे खांदे हलायला लागले, कुणाला आता थांबवायला नको. दानाच्या वेळी सगळी मंडळी रांगेने चालत पुढे जातात आणि त्या चालण्याला गिटार ठेका देते. नंतर तळघरातल्या जेवणाच्या खोलीत तळलेली कोंबडी, शिजवलेली हिरवी भाजी, मॅकरोनी. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी जुन्या वादकांबद्दल विचारलं. त्यांनी नावं गावांसकट सांगितली, कुणी कुणाकडून काय उचललं तेही. बोलताना त्यांचा डावा हात टेबलावर आपोआप सरकत होता.

कोकणातल्या किंवा गिरणगावात वाढलेल्या वाचकांना हे समजायला जड जाणार नाही. पॅरिसमध्ये जन्मलेली पेटी आपल्या भजनीबुवांनी अशीच आपली केली. डबलबारीच्या मैदानात कुठल्या बुवांची पेटी कशी बोलते, कुणाचा गजर कसा चढतो हे हजारो माणसांना तोंडपाठ होतं. दिवसभर गिरणीत साचा चालवून रात्री चाळीत भजनाला बसणाऱ्यांनी ते जपलं. संगीताच्या जाड ग्रंथांत त्यांतले किती बुवा सापडतील? डेट्रॉइटच्या कारखान्यातून सुटून चर्चमध्ये जाणाऱ्या वादकाबद्दल वाचताना मला आमच्याकडचे बुवाच दिसत राहिले.

बाहेरच्या जगाला ही परंपरा समजली ती १९९० च्या दशकात. रॉबर्ट स्टोन हे फ्लोरिडातले लोककलेचे अभ्यासक. वाद्यांच्या दुकानात काम करणाऱ्या मित्रांकडून त्यांना कळलं की कृष्णवर्णीय चर्चमधले वादक स्टील गिटारी घ्यायला येतात. त्यांनी या वादकांचा माग काढला, चर्चमध्ये आणि घरी जाऊन ध्वनिमुद्रणं केली. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अरहूली कंपनीने त्यांची सीडी काढली, ‘सेक्रेड स्टील’ या नावाने, आणि पुढे तेच नाव परंपरेला चिकटलं. २००० मध्ये फ्लोरिडातल्या रॉलिन्स कॉलेजात या वादकांचं पहिलं संमेलन भरलं. स्टोन यांचं संशोधन २०१० मध्ये पुस्तकरूपाने आलं. एका माणसाने चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून किती काय वाचलं, याचं मला फार मोल वाटतं.

पण उशीर व्हायचा तो झालाच होता. हॅरिसन १९८६ मध्येच गेले होते. ज्यांच्या हाताकडे बघून अख्खी शाखा शिकली, ते स्टुडिओच्या चांगल्या माईकसमोर त्यांच्या भरात कसे वाजले असते हे आता कुणालाच ऐकता येणार नाही. मियामीजवळच्या पेरीन गावचा ग्लेन ली हा तरुण, सर्वांच्या आशा ज्याच्यावर होत्या, तो २००० मध्ये बत्तिशीच्या आसपास वारला. आणि नेमकं त्याच सुमारास न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या चर्चमध्ये वाढलेला रॉबर्ट रँडॉल्फ मोठ्या रॉक मंचांवर पोचला, तरुण पोरं त्याच्या पेडल स्टीलवर नाचू लागली. त्याचं यश मला मनापासून आवडतं, तो आपल्या आधीच्या वादकांची नावंही घेतो. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना मात्र हे रुचणं अवघड गेलं. देवासाठी वाजवायचं वाद्य दारूच्या गुत्त्यात न्यायचं नाही हा त्यांचा जुना दंडक. मला त्यांची बाजूही पटते. साठ वर्षं बाहेरच्या कुणीही पैसे दिले नाहीत, टाळ्या दिल्या नाहीत, तेव्हा याच नियमांच्या आत, याच माणसांनी ही गिटार जिवंत ठेवली.

गिटारवादनाच्या इतिहासात मात्र रँडॉल्फपासून सुरुवात झालेली दिसते, फार तर मागे विली ईसन यांचं नाव एका वाक्यात येतं. हेन्री नेल्सन नाहीत, टेड बियर्ड नाहीत, फ्लोरिडाच्या डीअरफील्ड बीचला राहून हॅरिसन यांची ढब पुढे नेणारे सनी ट्रेडवे नाहीत. वादनात कमी होते म्हणून नव्हे. दर रविवारी समोर बसलेल्या शंभर-दोनशे माणसांसाठी ते वाजवत होते, आणि ती माणसं लेख लिहिणारी नव्हती.

ऐकायला सुरुवात करायची तर १९९७ चा तो पहिला संग्रहच घ्या. अरहूलीचा सगळा खजिना २०१६ मध्ये स्मिथसोनियन फोकवेज या राष्ट्रीय संग्रहालयाच्या ध्वनिमुद्रण कंपनीकडे आला, त्यामुळे तो तिकडे बसूनही इंटरनेटवर मिळतो. त्यात विली ईसन आणि सनी ट्रेडवे एकामागून एक ऐका, म्हणजे कीथ आणि ज्यूएल या दोन घराण्यांतला फरक कानाला लगेच कळेल. मग, या संग्रहाबाहेरचे, कॅल्विन कुक. आणि चक कॅम्पबेल यांचं संथ वादन शेवटी ठेवा, रात्रीच्या वेळी, घरातलं काम आटोपल्यावर. त्यांच्या पेडल स्टीलवर एक सूर खाली उतरताना मधे किती ठिकाणी थांबतो ते मोजायला सवड हवी.