लाखामागे किती?

शहरातल्या गुन्ह्यांच्या नकाशात एक भाग इतका गडद लाल आला होता, की बाकीचं शहर त्याच्यापुढे फिकट गुलाबी दिसत होतं. मुख्य रेल्वे स्टेशनला लागून असलेला भाग. दुपारी चारच्या बैठकीत हा नकाशा मांडायचा होता आणि गस्त कुठे वाढवायची, दिवे नि कॅमेरे कुठे लावायचे, हे त्यावरून ठरणार होतं. गुन्ह्यांच्या नोंदी तपासून त्यांचे तक्ते करणं हे माझं काम, त्यामुळे शेवटची नजर माझी. वरिष्ठ खूश होते. ‘एका नजरेत कळतंय बघा,’ म्हणाले. एका नजरेत कळणाऱ्या गोष्टींचा मला जरा संशयच येतो. धंद्याची सवय, दुसरं काय.

नकाशातला रंग ठरतो लाखामागच्या गुन्ह्यांच्या दरावरून, आणि तो दर काढायची रीत साधी आहे. गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. सगळी गोम छेदात. समजा एखाद्या भागात 2,000 लोक राहतात आणि वर्षात 100 गुन्हे नोंदले गेले, तर दर होतो लाखामागे 5,000. ऐकूनच माणूस घर बदलायचा विचार करील. पण त्याच भागातून रोज लाखभर माणसं ये-जा करत असतील आणि पाकिटं त्यांचीच मारली जात असतील, तर भागायचं कशानं? जनगणना माणसाला त्याच्या घरी मोजते, पाकीटमार त्याला गर्दीत गाठतो. आमच्या लाल भागात घरं थोडी, दुकानं आणि कचेऱ्याच फार. म्हणजे अंश सगळ्या शहराचा आणि छेद मूठभर रहिवाशांचा.

हे सकाळीच सांगून टाकता आलं असतं. पण मूळ नोंदी उघडल्या आणि दुसरंच काहीतरी दिसलं. या भागातले कितीतरी ठिपके एकाच जागी, एकावर एक बसले होते. अक्षांश-रेखांश दशांशाच्या शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे. पत्त्याच्या रकान्यात लिहिलेलं होतं ‘स्टेशनजवळ’, ‘स्टेशनसमोर’, ‘स्टेशन परिसर’, आणि एका ठिकाणी नुसतंच ‘पुलाखाली’. अशा पत्त्याचं संगणक काय करणार? तो त्या भागाचा मध्य शोधतो आणि ठिपका तिथे टाकून मोकळा होतो. ही भानगड काही नवी नाही. 2009 साली लॉस एंजेलिस पोलिसांच्या ऑनलाइन नकाशावर महापालिका मुख्यालयाच्या जवळच शहरातली सर्वांत धोकादायक जागा दिसू लागली होती. ज्यांचा पत्ता जुळला नाही ते गुन्हे यंत्रणा तिथे नेऊन टाकत होती. वर्तमानपत्रानं विचारल्यावर ते उघडकीला आलं.

पोलिस ठाण्यात फोन लावला. नोंदी लिहिणारे हवालदार अनुभवी होते, आणि मी काय विचारतेय हे त्यांना माझ्याआधी कळलं.

‘मॅडम, पाकीट मारलेलं माणसाला कळतं कधी? रिक्षावाल्याला पैसे द्यायला खिशात हात घातला की. मारलेलं असतं बसमध्ये, नाहीतर तीन स्टेशनं मागं. पण तो येतो आमच्याकडं. आता ठिकाण काय लिहायचं आम्ही?’

‘मग काय लिहिता?’

‘स्टेशनजवळ.’

यात चूक तरी कुणाची काढणार? ज्याचं पाकीट गेलं त्यालाच ठाऊक नाही, तर लिहिणाऱ्याला कुठून कळणार?

वेळेच्या रकान्याची तीच गत. बरोब्बर मध्यरात्री बारा वाजता गुन्ह्यांचा डोंगर उभा होता, कारण वेळ रिकामी सोडली की प्रणाली आपणहून 00:00 भरते. घरफोडीचं तर विचारूच नका. माणूस सकाळी कुलूप लावून जातो, रात्री येतो तेव्हा दार फोडलेलं. कुणी निघण्याची वेळ लिहितं, कुणी परतण्याची. यावर उपाय आहे. अशी एकेक घटना मधल्या सगळ्या तासांत वाटून टाकायची. गुन्हेगारीचे अभ्यासक जेरी रॅटक्लिफ यांनी ही पद्धत रूढ केली. किचकट आहे, पण चालते.

ढिगाऱ्यातले ठिपके बाजूला काढले, घरफोड्या तासांत वाटल्या, आणि मग जे उरलं ते मात्र खरं होतं. स्टेशनच्या मागच्या दारातून वाहनतळाकडे जाणारी एक वाट. रात्री दहानंतर साखळ्या आणि मोबाईल हिसकावल्याच्या तक्रारी, त्याच वाटेवर, पुन्हा पुन्हा. गडद लाल रंगात ही वाट पार बुडून गेली होती. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरातला, 1989 साली प्रसिद्ध झालेला लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो. तिथे पोलिसांना आलेल्या दूरध्वनींपैकी सुमारे निम्मे जेमतेम 3 टक्के पत्त्यांवरून आले होते. म्हणजे ‘भाग’ हे मापच फार ढोबळ.

जाता जाता नजर नकाशाच्या दुसऱ्या टोकाला गेली. शहराच्या कडेची एक वस्ती जवळजवळ पांढरी. ठाणं तिथून लांब, तक्रारी नावाला. पांढरा रंग म्हणजे गुन्हा घडला नाही की गुन्हा लिहिला गेला नाही? अमेरिकेत 1973 पासून लोकांनाच विचारायची पाहणी चालू आहे. तुमच्यावर काय गुदरलं आणि ते पोलिसांना सांगितलंत का. हिंसक गुन्ह्यांतले निम्म्याच्या आसपास पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत, असं त्यातून पुन्हा पुन्हा दिसतं. मी त्या वस्तीवर तिरप्या रेघा मारल्या आणि खाली लिहिलं, ‘नोंदी अपुऱ्या’.

बैठकीत अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न आला. ‘म्हणजे स्टेशनचा भाग सुरक्षित आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?’

‘नाही. ती वाट असुरक्षित आहे, रात्री दहानंतर. बाकी भागाबद्दल या आकड्यांवरून काही म्हणता येत नाही.’

‘काही म्हणता येत नाही’ हे वाक्य सरकारी बैठकीत फारसं चालत नाही. कुणीतरी म्हणालं, नकाशा आहे तर रंग हवाच. तासभर रंगावरच खल झाला. शेवटी स्टेशनच्या भागाला लाखामागचा दर लावायचा नाही, नुसती संख्या द्यायची, एवढं ठरलं. त्या वाटेवर दिवे मंजूर झाले. गस्तीची गाडी रात्रभर उभी ठेवू, असं एक अधिकारी म्हणाले. त्याऐवजी मी वेगवेगळ्या वेळी येऊन दर खेपेला पंधराएक मिनिटं थांबायला सुचवलं. त्याहून जास्त थांबून फायदा वाढत नाही, हे पोलिस गस्तीचे अभ्यासक क्रिस्टोफर कोपर यांनी 1995 सालीच दाखवलंय. ते त्यांना पटलं. गाड्याही कमीच होत्या. कॅमेरे मात्र स्टेशनच्या पुढच्या चौकातच लागणार, कारण त्यांची निविदा आधीच निघाली होती.

वस्तीवरच्या रेघा अंतिम प्रतीत गळाल्या. रेघा दिसल्या की लोक प्रश्न विचारतात, असं कारण मिळालं. तिथे घरोघरी जाऊन विचारायचा प्रस्ताव मी त्याच संध्याकाळी लिहून पाठवला. त्यावर अजून सही झालेली नाही.