न्यूझीलंडचा साउथ आयलंड मोटरहोमने: दहा रात्री, चार माणसं आणि एक कॅसेट

गेल्या नोव्हेंबरमध्ये जाऊन आलो, तेव्हापासून ओळखीतल्या चार-पाच जणांनी फोन करून तेच तेच विचारलं, गाडी कुठली घेतलीस, चालवायला अवघड जातं का, टॉयलेटचं काय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आम्ही चौघं होतो, मी, बायको, अकरा वर्षांची लेक आणि आई, वय 68. आईचे गुडघे दुखतात आणि तिला दर दोन तासांनी बाथरूम लागतं, खरं सांगायचं तर मोटरहोम, म्हणजे आत बेड, ओटा, टॉयलेट असलेली गाडी, घ्यायचं मुख्य कारण हेच होतं, बाकी ते डोंगरदऱ्यांत जाग येणं वगैरे नंतर आलं.

आधी विकत की भाड्याने, कारण हा प्रश्न पण येतो. तीन-चार महिने किंवा वर्षभर राहणारी पोरं जुनी व्हॅन विकत घेतात आणि जाताना विकून टाकतात, त्यात गाडीचं फिटनेस, रजिस्ट्रेशन आणि टॉयलेटचं सर्टिफिकेट बघून घ्यावं लागतं आणि शेवटच्या आठवड्यात गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं. आपण दोन आठवड्यांच्या रजेवर जाणार, आपल्यासाठी भाड्याचीच. हा, तारखा लवचिक असतील तर रिलोकेशन बघा, म्हणजे कंपनीला गाडी एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यायची असते आणि ती अगदी किरकोळ भाड्यात मिळते, पण दिवस मोजून देतात, म्हातारं माणूस बरोबर असेल तर त्या फंदात पडू नका.

आम्ही फोर बर्थ घेतली आणि तिथेच पहिली चूक केली. फोर बर्थ म्हणजे चार माणसं झोपू शकतात, चार माणसं राहू शकतात असं नाही. आमच्या गाडीत एक बेड ड्रायव्हरच्या डोक्यावर आणि दुसरा मागे, जो दिवसा सोफा आणि टेबल असतो, म्हणजे रोज रात्री टेबल खाली पाडायचं, गाद्या जोडायच्या, चादरी घालायच्या, सकाळी सगळं उलट, आणि आई साडेपाचला उठून चहाला हात लावणार तर बसायला जागाच नाही कारण तिच्याच बेडवर नात झोपलीये. चौघं असाल तर सिक्स बर्थ घ्या, मागचा बेड कायमचा घालून ठेवा. आणि मोठ्या कडक सूटकेसा नेऊ नका, त्या कुठेही मावत नाहीत, कापडी बॅगा घ्या. आमच्या दोन सूटकेसा डेपोवाल्यांनी, म्हणजे भाड्याची गाडी जिथून घेतली त्यांनी, ठेवून घेतल्या म्हणून वाचलो.

लायसन्स इंग्रजीत असलं की चालतं, ओरिजिनल कार्ड जवळ ठेवा, तरी मी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून नेलं होतं. तिकडेही डाव्या बाजूनेच चालवतात त्यामुळे आपल्याला निम्मी लढाई सोपी. मोकळ्या रस्त्यावर मर्यादा 100 ची आहे पण साडेतीन टनांच्या वरच्या गाडीला 90, त्यामुळे आपली गाडी किती वजनाची ते डेपोत विचारून घ्या. मागे चार गाड्या साठल्या की बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्या, कोणी हॉर्न मारत नाही, पण मारत नाहीत म्हणून त्यांना राग येत नाही असं समजू नका.

इन्शुरन्सचा कागद मात्र झोप आली असली तरी वाचा. भाडं स्वस्त दिसतं आणि एक्सेसची, म्हणजे नुकसान झालं तर आपण भरायची, रक्कम एवढी असते की ती कार्डावर अडकवली की बाकी ट्रिपला कार्ड नुसतं शोभेला उरतं. आम्ही पूर्ण कव्हर घेतलं, महाग पडलं, पण तरीही बऱ्याच पॉलिसीत छताचं आणि गाडीच्या पोटाचं नुकसान धरत नाहीत, म्हणजे फांदीला टप घासलं की खिशातून. शिवाय गाडी डिझेलची असेल तर किलोमीटरवर सरकारी रोड युजर चार्ज लागतो, तो परत देताना मीटर बघून घेतात, बजेटमध्ये आधीच धरा. आमचे एकूण तेराशेच्या आसपास किलोमीटर झाले.

विमानतळावर खाण्याचं सगळं डिक्लेअर करा. सगळं म्हणजे सगळं, पर्समधलं सफरचंद आणि चिखल लागलेले बूटसुद्धा. न सांगितलेलं सापडलं तर जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड आहे. आम्ही कंपनीच्या सीलबंद पाकिटातला गोडा मसाला, पोहे, हळद नेली होती, फॉर्मवर लिहिली, तपासणाऱ्या बाईंनी उलटसुलट करून बघितली, वास घेतला आणि जाऊ दिलं.

क्राइस्टचर्चला गाडी घेताना माणूस पाऊण तास समजावतो, त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, विमानप्रवासाने डोकं काम करत नसतं. आम्ही माना डोलावल्या आणि पहिल्याच राउंडअबाउटला चमच्यांचा ड्रॉवर सुसाट बाहेर आला आणि सगळे चमचे-सुऱ्या आईच्या पायाशी. प्रत्येक कपाटाला दाबायचं बटण असतं ते दाबलेलं नव्हतं. त्या दिवसापासून लेकीला 'कंडक्टर' केलं, निघायच्या आधी ती म्हणणार, ड्रॉवर, खिडक्या, छताचं झाकण, गॅस, पायरी, वायर, आणि मग दोनदा टकटक, डबल बेल. दहा दिवसांत ही वायर दोनदा तिच्यामुळे वाचली, मी खांबाला जोडलेली तशीच ठेवून निघालो होतो.

आता वायरीचं. हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे गाड्या लावून राहायच्या कॅम्पमध्ये, पॉवर्ड साइट (वीज असलेली जागा) घेतली की निळ्या प्लगची केबल खांबाला लावायची, मग मायक्रोवेव्ह, किटली, घरचे प्लग पॉइंट सगळं चालतं. वीज नसलेल्या जागी बॅटरीवर फक्त दिवे, पंप, मोबाइल चार्जिंग चालतं, स्वयंपाक आणि गरम पाणी गॅसवर. हीटर डिझेलवरचा असेल तर तोही चालतो, बुक करताना हे नक्की विचारा कारण नोव्हेंबरमध्येसुद्धा रात्री दात वाजतात.

पहिला मुक्काम लेक टेकापो, क्राइस्टचर्चपासून सव्वादोनशे किलोमीटर. गुगल तीन तास म्हणतं, आम्हाला पाच लागले. रोज दीडशेच्या आसपासच ठेवा, हा माझा एकच हट्टाचा सल्ला, कारण मोटरहोम म्हणजे संध्याकाळी पोचल्यावर हॉटेलची किल्ली मिळत नाही, तिथून कामं सुरू होतात. तळ्याकाठचं 1935 चं दगडी चर्च बघितलं, फोटोत असतं तसंच आहे, फक्त फोटोत रांग दिसत नाही. ल्युपिनची जांभळी-गुलाबी फुलं नुकती सुरू झाली होती. हा सगळा भाग 2012 पासून डार्क स्काय रिझर्व्ह आहे, म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्री मुद्दाम काळोखा ठेवलेला, पण त्या दिवसांत नऊपर्यंत उजेडच असतो, तारे बघायचे तर गजर लावून मध्यरात्री उठा. आम्ही उठलो, आई ब्लँकेट गुंडाळून पायरीवर बसली आणि मृग उलटा का दिसतोय म्हणाली. खरंच उलटा दिसतो.

त्याच पार्कमध्ये सकाळी फोडणी दिली आणि स्मोक अलार्म असा काही बोंबलला की शेजारचे जर्मन आजोबा अनवाणी धावत आले. मोहरी तडतडली आणि गाडीभर धूर, छताचं झाकण उघडायचं राहिलं होतं. तेव्हापासून फोडणीचं सगळं पार्कच्या कॉमन किचनमध्ये, तिथे भरपूर ओटे, शेगड्या असतात, आणि एक 'फ्री' लिहिलेलं शेल्फ असतं ज्यावर निघालेले लोक उरलेलं सामान ठेवून जातात. आम्हाला मीठ, तेल आणि भांडी घासायचं लिक्विड तिथेच मिळालं, त्यामुळे पहिल्याच दिवशी सुपरमार्केटमध्ये ढीगभर घेऊ नका.

माउंट कुक उर्फ आओराकी, 3724 मीटर, त्याच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिल म्हणून सरकारी कॅम्पसाइट आहे. वीज नाही, पण सकाळी सातला दार उघडलं तर समोर बर्फ, आणि रात्री मधेच ढग गडगडल्यासारखा आवाज येतो तो कुठेतरी बर्फ कोसळल्याचा. दोन रात्री राहिलो. आणि इथेच कॅसेट भरली.

कॅसेट म्हणजे टॉयलेटखालचा खोका, बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायचा, सतरा-अठरा लिटरचा, चौघांत दोन दिवस पुरतो. भरला की लाल दिवा. मी दिवसभर त्या दिव्याकडे बघायचं टाळलं, बायकोला म्हटलं पुढच्या गावात बघू, तर आई म्हणाली, "तुझे लंगोट मी दोन वर्षं धुतलेत, तुला एक डबा ओतता येत नाही?" गेलो मुकाट्याने. पुढच्या गावात डंप स्टेशन, म्हणजे गाड्यांची घाण ओतायची जागा, होतं, तिथे ओतायचं नळकांडं फिरवून बाहेर काढायचं, ओतताना हवेचं बटण अंगठ्याने दाबून ठेवायचं, नाहीतर गचकन उसळी मारून बुटांवर येतं. मला हे बटण बूट धुतल्यानंतर कळलं. मग पाणी घालून हलवायचं, पुन्हा ओतायचं, थोडं पाणी आणि केमिकलची पुडी टाकून परत सरकवायचं. ग्लोव्हज न्या. दुसऱ्या वेळेपासून चार मिनिटांचं काम आहे, खोटं नाही सांगत. सिंकचं पाणी वेगळ्या टाकीत जातं, तेही इथेच नळी लावून सोडायचं, रस्त्याच्या कडेला अजिबात नाही.

कुठेही फुकट गाडी लावून झोपता येतं हे जे ऐकलेलं असतं ते अर्धवट आहे. गाडीला सेल्फ कंटेन्डचं, म्हणजे टॉयलेट आणि सांडपाण्याची सोय गाडीतच असल्याचं, हिरवं वॉरंट हवं आणि त्या जागेला तिथल्या कौन्सिलची परवानगी हवी. कॅम्परमेट अॅपवर कळतं, तरी पाटी वाचाच. आम्ही एकच रात्र फुकट राहिलो.

पुढे लिंडिस पास, 971 मीटर, वाळलेल्या गवताचे पिवळे डोंगर आणि वारा असा की दार उघडताना दोन हातांनी धरावं लागतं. वानाका गावात टाकी फुल करा, सामान भरा, कारण पुढे वेस्ट कोस्टवरच्या हास्ट गावापर्यंत एकशेचाळीस किलोमीटर जवळपास जंगलच आहे आणि हास्टला सगळं महाग. वेस्ट कोस्टवर एकेरी पूल खूप लागतात. निळ्या पाटीवर पांढरा मोठा बाण असेल तर आपण आधी, गोल पाटीवर लाल छोटा बाण असेल तर थांबायचं, एवढं पाठ करा. आणि सँडफ्लाय! डासापेक्षा बारीक, आवाज नाही, चावल्यावर आठ दिवस खाज. दोन मिनिटं दार उघडं राहिलं आणि रात्रभर आम्ही टाळ्या वाजवत होतो, कीर्तन चालू असल्यासारखं. तिकडच्या दुकानातलाच स्प्रे घ्या, आपलं ओडोमॉस त्यांना लोणच्यासारखं लागत असावं.

फॉक्स ग्लेशियरला दिवसभर पाऊस, ग्लेशियर दिसलाच नाही. पत्ते खेळलो, कांदाभजी केली (कॉमन किचनमध्ये), आणि सगळ्यांच्या मते ट्रिपमधला सगळ्यात भारी दिवस तोच. एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवा, या किनाऱ्यावर पाऊस येणारच.

परतीच्या वाटेवर आर्थर्स पासच्या घाटात कीया पोपट गाडीच्या काचेचं रबर टोचून काढतात, खायला देऊ नका, गाडी सोडून लांब जाऊ नका. ओटिराचा चढ वर येताना सेकंडवर घ्यावा लागला, इंजिन रडत होतं.

परत देताना डिझेल फुल, गॅस भरलेला, दोन्ही टाक्या रिकाम्या, आतून झाडलेलं. आम्ही सगळं केलं तरी सफाईचे पैसे कापले, का तर गाडीला मसाल्याचा वास येतोय. भांडलो. घेताना काढलेले फोटो दाखवून छताच्या एका ओरखड्याचे पैसे वाचले, वासाचा फोटो काढता येत नाही. तेव्हा शेवटचे दोन दिवस आत फोडणी नको आणि खिडक्या उघड्या.

शेवटच्या रात्री उरलेलं सामान त्या फ्री शेल्फवर ठेवलं, तेल, साखर, अर्धा किलो पोहे. आईने लेकीकडून पाकिटावर इंग्रजीत लिहून घेतलं की हे दुधात शिजवायचं नाही, फक्त भिजवायचं. हळद मात्र तिने परत पुण्याला आणली.