कार्बामाझेपिनच्या विघटनाचा हिशोब : माझा अनुभव

सांडपाण्यातील औषधांच्या अवशेषांचे विघटन हा संशोधनाचा विषय ठरल्यानंतर पहिला प्रश्न आला तो रेणू निवडण्याचा. उदयोन्मुख प्रदूषके या नावाखाली प्रतिजैविके, वेदनाशामके, संप्रेरके, सौंदर्यप्रसाधनांतील रसायने, अग्निरोधके अशी इतक्या भिन्न स्वभावाची संयुगे एकत्र येतात, की त्या सर्वांना लागू पडेल असे एकही विधान धडपणे करता येत नाही. मी कार्बामाझेपिन हे अपस्मारावरील औषध निवडले. सक्रिय गाळ पद्धतीच्या, म्हणजे जिवाणूंच्या गाळाकडून सांडपाणी स्वच्छ करवून घेणाऱ्या, शुद्धीकरण केंद्रातून ते जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते. ते गाळाला फारसे चिकटत नाही आणि जिवाणूंनाही सहजासहजी पचत नाही. शिवाय २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांनी ते एकट्याने फार सावकाश तुटते. माझ्या दृष्टीने ही सोयच होती, कारण किरणांसोबत हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यावर जे घडेल त्याचे श्रेय बव्हंशी हायड्रॉक्सिल मूलकांना (किरणांनी पेरॉक्साइड फुटून तयार होणाऱ्या अतिक्रियाशील OH कणांना) देता येणार होते.

कमी दाबाचा पारद-दिवा, क्वार्ट्‌झचे पात्र, चुंबकीय ढवळणी आणि पेरॉक्साइड अशी मांडणी लवकर उभी राहिली. खरा वेळ खाल्ला तो पात्रात नेमका किती प्रकाश पोहोचतो हे ठरवण्याने. दिव्यावर लिहिलेल्या वॅटवर विसंबून चालत नाही. आयोडाइड आणि आयोडेट यांच्या द्रावणात प्रकाशामुळे तयार होणारे ट्रायआयोडाइड मोजून प्रकाशमात्रा काढावी लागते, आणि दिवा जुना होत जातो तसे हे मोजमाप पुन्हा पुन्हा करावे लागते. पाण्यातील जंतू निष्प्रभ करण्यासाठी दर चौरस सेंटीमीटरला साधारण ४० मिलिज्यूल मात्रा पुरते, तर असल्या संयुगांच्या ऑक्सिडीकरणासाठी ती कित्येक शेकड्यांत जाते. यामागचे कारण साधे आहे. पेरॉक्साइड या तरंगलांबीचा प्रकाश अत्यल्प शोषते. दर लिटरला १० मिलिग्रॅम पेरॉक्साइड असलेल्या पाण्याच्या एक सेंटीमीटर थरात ते जेमतेम सव्वा टक्का प्रकाश टिपते. म्हणूनच अभिक्रियेच्या शेवटी बहुतांश पेरॉक्साइड तसेच उरते, आणि नमुना काढताक्षणी कॅटालेज विकर घालून ते नष्ट केले नाही, तर पुढच्या जैविक चाचणीत विषारीपणा दिसतो तो पेरॉक्साइडचा की अभिक्रियेतून तयार झालेल्या संयुगांचा, हे सांगता येत नाही.

शुद्ध पाण्यातील प्रयोग मनासारखे झाले. अंधारातला नमुना, केवळ किरण, केवळ पेरॉक्साइड या तिन्ही तुलनांमध्ये औषधाची संहती (पाण्यातील प्रमाण) फारशी हलली नाही. दोन्ही एकत्र आले की मात्र संहतीच्या लॉगरिदमचा आलेख सरळ रेषेत खाली उतरत गेला. हायड्रॉक्सिल मूलकाशी कार्बामाझेपिनच्या अभिक्रियेचा वेगस्थिरांक दर मोल, दर सेकंद सुमारे ९ अब्ज लिटर आहे. दोन रेणूंनी पाण्यात एकमेकांना गाठण्याच्या वेगाची जी नैसर्गिक मर्यादा असते, तिच्या तो जवळ जातो. असा आलेख हाती आला की निबंध लिहायला बसण्याचा मोह होतो, आणि या क्षेत्रातील बरेच निबंध इथेच संपतात असे माझे मत आहे.

तथापि मूळ रेणू न दिसणे आणि त्याचे विघटन होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मास स्पेक्ट्रोमीटर ज्या खुणेवरून कार्बामाझेपिन ओळखतो, ती म्हणजे २३७ वस्तुमानाचा आयन आणि त्याच्यापासून तुटून निघणारा १९४ चा तुकडा. रेणूवर ऑक्सिजनचा एक अणू जरी चढला, तरी ही खूण पुसली जाते आणि यंत्र शून्य दाखवते. प्रत्यक्षात किती कार्बन खनिजरूप झाला, म्हणजे त्याचा कार्बन डायऑक्साइड झाला, हे पाहण्यासाठी एकूण सेंद्रिय कार्बन मोजणे भाग होते. त्यासाठी पाण्यातील खरी, मायक्रोग्रॅममधली संहती उपयोगाची नव्हती, म्हणून दर लिटरला ५ मिलिग्रॅम कार्बामाझेपिन घेऊन वेगळे प्रयोग केले. त्यात कार्बनचा वाटा पावणेचार मिलिग्रॅमच्या आसपास असतो. मूळ रेणू जवळजवळ संपला होता तेव्हाही सेंद्रिय कार्बनची पातळी फारशी खाली आलेली नव्हती. बहुतेक कार्बन पाण्यातच होता. फक्त आता त्याची ओळख बदललेली होती.

ती नवी ओळख पटवण्याचे काम सर्वांत किचकट आणि, खरे सांगायचे तर, सर्वांत आनंदाचे ठरले. वस्तुमानात १६ ची भर दिसली की ऑक्सिजनचा एक अणू आला असे म्हणता येते. त्यामुळे २५३ चा आयन सापडणे अपेक्षितच होते. पण तो १०,११-इपॉक्साइडचा (दुहेरी बंधावर ऑक्सिजन बसलेल्या संयुगाचा) की वलयावर हायड्रॉक्सिल गट बसलेल्या एखाद्या समघटकाचा (तेच अणू, पण वेगळी रचना असलेल्या संयुगाचा), हे केवळ त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी विकत मिळणारे प्रमाण-द्रव्य (त्या संयुगाचा ओळख पटलेला शुद्ध नमुना) मिश्रणातील घटक वेगळे करणाऱ्या त्याच स्तंभातून सोडून बाहेर येण्याची वेळ जुळवावी लागते, आणि प्रमाण-द्रव्य मिळत नसेल तेथे ‘संभाव्य रचना’ एवढेच लिहून थांबावे लागते. २७१ चा आयन दोन हायड्रॉक्सिल गटांच्या भरीशी जुळत होता. १८० जवळचा आयन दिसला तेव्हा मी अधिक सावध झाले, कारण तेथे ॲक्रिडीन या विघटनातून बनणाऱ्या संयुगाचा संशय होता आणि जलजीवांच्या दृष्टीने ॲक्रिडीन हे मूळ औषधापेक्षा चांगले समजण्याचे काहीच कारण नाही. प्रमाण-द्रव्याशी त्याची वेळ जुळली. प्रकाशमात्रा वाढवत नेल्यावर त्याचे प्रमाण आधी चढले आणि मग उतरले. म्हणजे प्रक्रिया मध्येच थांबवली, तर पाणी तिच्या सर्वांत वाईट टप्प्यावर बाहेर सोडले जाण्याची शक्यता होती.

यानंतर शुद्ध पाणी सोडून शुद्धीकरण केंद्राचे बहिःस्राव-पाणी (प्रक्रियेनंतर बाहेर पडणारे पाणी) घेतले, आणि वेग कोसळला. त्याचे गणित मात्र आधीच मांडून ठेवलेले होते. पाण्यातील बायकार्बोनेट हे हायड्रॉक्सिल मूलकांशी कार्बामाझेपिनच्या हजारपट सावकाश अभिक्रिया करते हे खरे, परंतु त्याची संहती लाखो पटींनी जास्त असते. आणि पाण्यात विरघळलेले नैसर्गिक सेंद्रिय द्रव्य तर बायकार्बोनेटहूनही अधिक मूलके गिळते. औषधाची संहती दर लिटरला एक मायक्रोग्रॅम असताना हजार मूलकांतील एकसुद्धा त्याच्या वाट्याला येत नाही. मूलकांची पातळी थेट मोजता येत नसल्यामुळे पॅरा-क्लोरोबेंझोइक आम्ल अल्प प्रमाणात घालून त्याच्या घटण्यावरून ती काढली, आणि त्या पातळीवरून वर्तवलेला कार्बामाझेपिनचा वेग प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाशी समाधानकारक जुळला. परीक्षकांच्या आक्षेपांना उत्तर देताना याच एका जुळणीने मला तारले.

ओझोन का वापरला नाही, असा प्रश्न त्यांनी अपेक्षेप्रमाणे विचारला. कार्बामाझेपिनमधील दुहेरी बंधावर ओझोन फार वेगाने तुटून पडतो आणि वीजही तुलनेने कमी लागते, हे मी मान्य केले. पण पाण्यात ब्रोमाइड असेल तर ओझोनमुळे ब्रोमेट हे घातक संयुग तयार होते आणि पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा दर लिटरला १० मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. दोन्ही मार्गांनी उरलेल्या तुकड्यांसाठी पुढे जैविक गाळणी ठेवावी, ही शिफारस निबंधात घातली; ऑक्सिडीकरणानंतरचे रेणू जिवाणूंना बहुधा अधिक पचतात, मात्र कार्बामाझेपिनच्या बाबतीत हे प्रत्येक तुकड्याला लागू पडत नाही, अशी पुस्तीही जोडली.

सध्या त्याच पात्रात परफ्लुओरोऑक्टॅनोइक आम्ल हे फ्लुओरिनयुक्त, चिवट प्रदूषक घेतले आहे. हायड्रॉक्सिल मूलक त्याला जवळजवळ स्पर्शही करत नाही, म्हणून पेरॉक्साइडऐवजी सल्फाइट घालून, सामू वाढवून, जलयोजित (पाण्याच्या रेणूंनी वेढलेल्या) इलेक्ट्रॉनांकडून क्षपणाचा, म्हणजे रेणूला इलेक्ट्रॉन देऊन तो तोडण्याचा, मार्ग धरावा लागतो. हे इलेक्ट्रॉन ऑक्सिजन झटकन पळवतो, त्यामुळे आधी नायट्रोजनचे बुडबुडे सोडून पाणी ऑक्सिजनमुक्त करावे लागते. एक सोय मात्र आहे. या रेणूत फ्लुओरिनचे १५ अणू असतात, तेव्हा तो पूर्ण तुटला तर १५ फ्लुओराइड आयन पाण्यात सापडलेच पाहिजेत. आयन-इलेक्ट्रोड त्याहून कमी दाखवतो आहे, आणि उरलेले फ्लुओरिन कोणत्या आखूड साखळ्यांमध्ये अडकले आहे याचा शोध चालू आहे.