'आम्ही' आणि 'आपण'

रात्रीचे साडेअकरा.

काल वाचलेली कथा आज पुन्हा वाचली, या वेळी हातात पेन्सिल घेऊन. तीन भावंडं आपल्या आजारी आईबद्दल सांगतायत. कुणालाच नाव नाही, एकटा असा निवेदक नाही, सगळी कथा 'आम्ही'त चालते. आम्ही डॉक्टरांना भेटलो. आईला एवढ्यात काही सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. काल मला ती मायाळू मुलांची गोष्ट वाटली होती. मग अकराव्या पानावर आई एवढंच म्हणते, "आता आपण घरी जाऊ या." तिथे घशाशी काहीतरी आलं, पण का, ते कळलं नव्हतं.

आज सगळ्या 'आम्ही'खाली रेघा मारल्या तेव्हा उलगडलं. त्या 'आम्ही'त आई कुठेच नव्हती. तिच्याबद्दलचं सगळं तिला वगळून ठरत होतं, आणि लेखकाने तसं एकदाही म्हटलेलं नाही. एका सर्वनामावर त्याने ते सोपवून दिलं. मुलं आईला वगळू शकतात. आईच्या तोंडी मात्र 'आपण'च येतं.

इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द. प्रमाण हिंदीतही 'हम'वर भागवावं लागतं. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' वेगळे आहेत, तमिळमध्येही 'नांगळ' आणि 'नाम' आहेत. या कथेचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्याने अकराव्या पानावर काय करायचं, याचा विचार करत बराच वेळ बसले. मला वाट सापडली नाही. शिवाय आपला 'आपण' एवढ्यावर थांबत नाही. अनोळखी माणसाला आदराने 'आपण कोण?' असं विचारतो, आणि मनाशी 'आपण उगाच बोललो' म्हणतो तेव्हाही तोच.

हल्लीच्या बऱ्याच कथा वर्तमानकाळात वाचायला मिळतात. ती उठते, दार उघडते, बाहेर बघते. दिसतं सगळं, पण हे कोण कुणाला सांगतंय ते कळत नाही, आणि मी बाहेरच उभी राहते. या कथेने मला पहिल्या ओळीपासून आत घेतलं, ते 'आम्ही' म्हणून सांगणारं कुणीतरी समोर होतं म्हणूनच असावं.

मग माझा खर्डा काढला. दोन बहिणी, वडिलांचं घर, विक्री. चार महिने तो हलत नाहीये. थोरली सांगते, 'आम्ही घर विकायचं ठरवलं.' नुसतं करून बघावं म्हणून तिथे 'आपण' घातलं: 'आपण घर विकायचं ठरवलं.' आणि पुढचा सगळा परिच्छेद ढासळला. कारण 'आपण' म्हटलं की ऐकणारी समोर हवी. थोरली आता वाचकाला सांगत नाहीये, धाकटीला आठवण करून देतेय. म्हणजे धाकटीला ते आठवत नाही, किंवा तिने कधी ठरवलंच नव्हतं. चार महिने मी थोरलीचा शब्द खरा धरून लिहीत होते!

पहिली दोन पानं काढून टाकली. घराचं वर्णनही गेलं. जिन्याबद्दलचं एक वाक्य फार आवडीचं होतं, तेवढं वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवलं.

आता कथा धाकटीसमोर सुरू होईल. थोरली बोलत असताना ती काय करत असेल? मान डोलावत असेल, की खिडकीबाहेर बघत असेल? ते अजून दिसत नाही. उद्या पहाटे बसते.