घरच्या सीबी बेसची अँटेना: एप्रिल ते सप्टेंबरची नोंद

१० ऑगस्ट २०२० च्या दुपारी डेरेचो, म्हणजे सरळ रेषेत शेकडो मैल धावत जाणारं वादळ, आमच्या सीडर रॅपिड्सवरून (अमेरिकेतलं आयोवा राज्य) गेलं. वाऱ्याचा वेग काही ठिकाणी ताशी १४० मैलांपर्यंत गेला असावा, असा हवामान खात्याचा अंदाज. आमच्याकडे नऊ दिवस वीज नव्हती आणि सुरुवातीचे दोन दिवस मोबाइलला रेंजही नव्हती. शेजारचे आजोबा जन्मभर मक्याची शेती केलेले. ते पिकअपमधल्या सीबीवर (सिटिझन्स बँड, इथे परवान्याशिवाय कुणालाही वापरता येणारा दुतर्फी रेडिओ) १९ नंबरचं चॅनल लावून बसायचे. कुठला रस्ता झाडांनी अडलाय, डिझेल कुठे मिळतंय, हे ट्रकवाल्यांकडून त्यांना कळायचं आणि त्यांच्याकडून आमच्या आख्ख्या गल्लीला. घरी सीबीचा बेस (घरात कायमचा बसवलेला सेट) हवा हे मी तेव्हाच ठरवलं. प्रत्यक्ष काम मात्र यंदाच्या एप्रिलमध्ये सुरू झालं.

हे आर्थर कॉलिन्स यांचं गाव. १९२५ मध्ये, पंधरा वर्षांचे असताना, त्यांनी घरातल्या हॅम (हौशी रेडिओ) सेटवरून आर्क्टिकमध्ये गेलेल्या मॅकमिलन मोहिमेशी संपर्क ठेवला होता. पुढे १९३३ मध्ये त्यांनी इथेच रेडिओची कंपनी काढली. अशा गावात राहून रेडिओचं काम कसंबसं उरकायचं, हे मला पटत नाही.

१२ एप्रिल. अँटेना कुठली?

सेट साधा आहे: ४० चॅनल, एएमवर ४ वॉट, साइडबँडवर (आवाज पाठवायची दुसरी पद्धत) १२ वॉट. अमेरिकेत कायद्याने याच्या पुढे जाता येत नाही, म्हणून जे काही मिळवायचं ते अँटेना आणि केबलमधूनच.

समोर चार पर्याय होते. माळ्यावर आडवा तारेचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन भागांची तार) हा सगळ्यात स्वस्त. पण गाड्यांचे अँटेना उभे असतात, आपला आडवा ठेवला की जवळपासच्या गाड्यांचा सिग्नल खूपच पडतो. तो बाद. फिरवता येणारा यागी (एकाच दिशेला रोख असलेला अँटेना) दूरच्या गप्पांसाठी उत्तम, पण मला चारही दिशांचं ऐकायचंय. उरले दोन: १८ फुटी फायबरग्लासचा अर्धतरंग (लाटेच्या अर्ध्या लांबीचा), किंवा २२ फुटांच्या आसपासचा ॲल्युमिनियमचा पाच-अष्टमांश तरंग, खाली रेडियलसकट (बुडाशी पसरलेल्या तारा किंवा नळ्या). जाहिरातींत दुसऱ्याचे डेसिबल (सिग्नलच्या ताकदीतल्या फरकाचं माप) बघून हुरळायला होतं. प्रत्यक्षात दोघांतला फरक एखाद्या डेसिबलचा आहे, आणि सिग्नल मीटरवरचा एक एस म्हणजे सहा डेसिबल. त्या एका डेसिबलपायी मोठा सांगाडा आयोवातल्या गोठत्या पावसात उभा ठेवावा, असं मला वाटलं नाही. फायबरग्लास घेतला.

आणखी एक कारण होतं. सत्तरच्या दशकात इथे सीबीची लाट आली तेव्हा अँटेना चढवताना तो विजेच्या तारांवर पडून माणसं दगावली. त्यातूनच चारी बाजूंना सिग्नल देणाऱ्या बेस अँटेनांसाठी सुरक्षेचं मानक आलं, आणि २४ मे १९८३ नंतर बनलेल्या अँटेनांना ते लागू झालं. अँटेना विजेच्या तारेला टेकला तरी धरणाऱ्याच्या हातापर्यंत घातक प्रवाह येऊ नये, एवढं इन्सुलेशन हवं, हा त्याचा गाभा. जुन्या बाजारात धातूचा उघडा अँटेना स्वस्तात मिळाला, तर तो कुठल्या साली बनलाय ते नक्की विचारा.

२६ एप्रिल. जागा बदलली

मनातली जागा घराच्या कोपऱ्यावरची, चिमणीजवळ. केबल जेमतेम ३० फूट लागली असती. टेप लावून मोजलं तर रस्त्याकडेची विजेची तार तिथून ३२ फुटांवर. मास्ट (अँटेनाचा खांब) २० फूट आणि अँटेना १८ फूट, एकूण ३८. म्हणजे पडला तर थेट तारेवर. ती जागा त्याच मिनिटाला सोडली. एकूण उंचीच्या निदान दीडपट अंतर ठेवायचं, असा नियम मी स्वतःला घातलाय. गॅरेजची पश्चिमेकडची भिंत तारेपासून ७० फुटांवर आहे, तिथे मास्ट उभारायचं ठरलं. (कायद्याने जमिनीपासून ६० फुटांपर्यंत जाता येतं, त्यामुळे ३८ ला अडचण नाही.)

जागा बदलल्याने केबल ३० ची ७५ फूट झाली आणि इथेच खरा हिशोब सुरू झाला. बारीक आरजी-५८ केबलमध्ये २७ मेगाहर्ट्झला इतक्या लांबीत साधारण १.८ डेसिबल जातात, म्हणजे सेटमधून निघालेल्या ४ वॉटपैकी वर पोचतात २.६ च्या आसपास. जाड एलएमआर-४०० मध्ये अर्धा डेसिबल जातो आणि साडेतीन वॉट पोचतात. अँटेनाच्या निवडीत ज्या एका डेसिबलवर मी दोन आठवडे घोळ घातला, त्याहून जास्त फरक नुसत्या केबलने पडला. शिवाय सिग्नल हरवणारी केबल फसवते. अँटेनाकडून परत येणारी लाटही वाटेत जिरते, त्यामुळे खालच्या मीटरवर एसडब्ल्यूआर (किती सिग्नल परत फिरतो ते दाखवणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) खरा आहे त्याहून चांगला दिसतो.

१७ आणि १८ मे. खड्डा आणि अर्थिंग

इथे जमीन साडेतीन फुटांपर्यंत गोठते, म्हणून मास्टच्या पायाचा खड्डा चार फूट घेतला. माती काळीभोर, पहारीला चिकटणारी, थेट सांगलीकडच्या मळ्यासारखी. अशी ओल धरणारी माती अर्थिंगला फार चांगली.

तांब्याचा मुलामा दिलेली आठ फुटी सळई मास्टच्या पायाशी ठोकली, केबल घरात शिरते तिथे लाइटनिंग अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारं उपकरण) बसवला. मग ते काम केलं जे बरेच जण सोडून देतात: ही सळई घराच्या मुख्य अर्थिंगला सहा गेजच्या तांब्याच्या तारेने जोडली. दोन अर्थिंग वेगवेगळे राहिले, तर जवळ वीज पडल्यावर दोघांमध्ये हजारो व्होल्टचा फरक तयार होतो आणि तो आपल्या सेटमधून वाट काढतो. खणण्यासकट एक आख्खा दिवस यात गेला. माझ्या आजोळी अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालायचे, आणि वैशाखात आजोबा आम्हा पोरांना रोज बादलीभर पाणी त्यात ओतायला लावायचे. ते का, हे मला चाळिशीत, दुसऱ्या खंडात, हातात पहार असताना नीट उमगलं.

२४ मे. उभा राहिला, पण

शेजारचे आजोबा आणि माझी मुलगी मदतीला. मास्ट उभा केला, ताणाच्या दोऱ्या बांधल्या, मीटर लावला. एसडब्ल्यूआर चॅनल १ वर २.८, चॅनल २० वर २.३, चॅनल ४० वर १.९. वरच्या चॅनलकडे आकडा उतरतोय, म्हणजे अँटेना आखूड पडतोय. खाली उतरवून लांबी थोडी वाढवली, पुन्हा चढवला. १.६, १.४, १.५. आजोबा म्हणाले, "झालं की तुझं काम." मलाही तसंच वाटलं.

रात्री बोलायला बटण दाबलं आणि वरून बायकोची हाक आली, "अरे, टीव्हीच्या स्पीकरमधून तू बोलतोयस!" तळघरात केबलवर हात ठेवला तर मीटरची सुई हलली. त्या हलणाऱ्या सुईत सगळं उत्तर होतं. केबलच्या बाहेरच्या जाळीवरून प्रवाह घरात येत होता, म्हणजे ७५ फूट केबल हाही अँटेनाचाच भाग झाला होता. आणि ते १.४ नुसत्या अँटेनाचं नव्हतं, केबलसकट मिळून होतं.

७ ते १५ जून. तीन रेडियल आणि चोक

कारण सरळ आहे. रेडियल नसलेल्या अर्धतरंग अँटेनाला खालून आधार घ्यायला काहीतरी लागतंच. आपण दिलं नाही तर तो केबलची जाळी आणि मास्ट वापरतो. म्हणून आधी आधार द्यायचा, मग केबलची वाट अडवायची. उलट क्रमाने केलं तर ट्यूनिंग पार बिघडतं, हे मी एका संध्याकाळी करून पाहिलं.

२७.२०५ मेगाहर्ट्झला, म्हणजे चॅनल २० ला, पाव तरंगाची तार भरते ८ फूट ७ इंच. प्लास्टिकचं आवरण असलेल्या तशा तीन तारा अँटेनाच्या बुडाशी जोडल्या आणि खाली उतरत्या ताणून पुढे नायलॉनच्या दोरीने बांधल्या. त्याखाली चोक, म्हणजे जाळीवरचा प्रवाह अडवणारं वेटोळं: ३१ मिक्स नावाच्या मिश्रणाच्या २.४ इंची दोन फेराइट रिंगा एकत्र धरून त्यावर केबलचे सहा वेढे. जाड केबल एवढी वळवली तर आतली तार सरकते, म्हणून वेढ्यांपुरता बारीक केबलचा छोटा तुकडा घातला आणि सांध्यांवर आपोआप चिकटणारी रबर टेप घट्ट ताणून गुंडाळली.

लांबी पुन्हा जुळवावी लागली. आता चॅनल १ वर १.५, २० वर १.२, ४० वर १.४. आकडे आधीपेक्षा थोडेच चांगले. पण केबलवर हात ठेवला तर सुई जागची हलत नाही, आणि स्पीकर गप्प आहेत. मला या दोन गोष्टींचा आनंद आकड्यांपेक्षा जास्त झाला.

२१ जून. चॅनल ३८

उन्हाळ्यात वातावरणाच्या ई नावाच्या उंच थरात अधूनमधून विद्युतभारित कणांचे दाट ढग तयार होतात आणि २७ मेगाहर्ट्झची लाट त्यावरून हजार मैल उडी मारते. शनिवारी सकाळी चॅनल ३८ च्या लोअर साइडबँडवर फ्लोरिडाचे आवाज खणखणीत यायला लागले. मी हँडल (रेडिओवरचं टोपणनाव) घेतलंय "पन्हाळा", लांबवर नजर पोचते म्हणून. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "पनाला, तू पाच-सातवर येतोयस." (म्हणजे बोलणं पूर्ण स्पष्ट, सिग्नल मीटरवर सात एस.) वीस मिनिटांत थर विरला आणि आवाज बुडाले. जवळचं मात्र रोजचं आहे: आय-३८० महामार्गावरचे ट्रक स्पष्ट येतात, आणि १४ मैलांवरच्या एका बेसशी एएमवर आरामात बोलणं होतं.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिकडे २००५ पासून २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॉटपर्यंत विनापरवाना आहे. इथल्या ४० चॅनलांपैकी १ ते २७ त्यात बसतात. २८ वं चॅनल २७.२८५ वर आहे, म्हणजे थोडक्यात बाहेर. अमेरिकेतून सेट नेलात तर २७ च्या पुढे बोलू नका, आणि गच्चीवर काही चढवण्याआधी नियमातलं अँटेनाचं कलम स्वतः वाचा. ट्यूनिंगही चॅनल २० ऐवजी १४ च्या आसपास, २७.१२५ ला करा, म्हणजे सगळा पट्टा समान मिळेल.

६ सप्टेंबर

ऑगस्टमध्ये दोन वादळं होऊन गेली. पश्चिमेकडची ताणाची दोरी बोटभर सैल झाली होती, ती आवळली. एका सांध्याची टेप उघडून पाहिली, आत कोरडं आहे. नायलॉन उन्हाने पांढरं पडू लागलंय, तिथे पॉलिएस्टरची दोरी बदलायची आहे. जमीन गोठल्यावर, डिसेंबरच्या शेवटी, तिन्ही चॅनलवर पुन्हा मोजणार आहे. आजोबांनी त्यांचा पिकअपमधला सेट आता गुरुवारी संध्याकाळी सात वाजता चॅनल १४ वर लावायचं कबूल केलंय.