१८९६ स्टाईल शंभर मीटर: नववा आठवडा

चला, नववा आठवडा संपला. आकडे आधी लिहून टाकतो, नाहीतर गप्पांत राहून जातात. उभ्या स्टार्टने १४.६, क्राउचने (वाकून, दोन्ही हात जमिनीला टेकवून घेतलेला स्टार्ट) १४.८. दोन्ही मुरमाच्या मैदानावर, ब्लॉक (पायाने रेटा द्यायचे ठोकळे) नाही, सिंथेटिक (रबरी) ट्रॅक नाही, वेळ जुन्या काट्याच्या स्टॉपवॉचवर. सिंथेटिकवर ब्लॉक लावून माझं बेस्ट १३.९ आहे (वय ४६, हसू नका), म्हणजे अजून पाऊण सेकंदाचा खड्डा आहे, आणि हो, खड्ड्यांबद्दल पण सांगायचंय.

नवीन आलेल्यांसाठी एकदाच सांगतो. ६ एप्रिल १८९६ ला अथेन्सच्या पॅनाथेनाइक स्टेडियममध्ये आधुनिक ऑलिम्पिकची पहिली स्पर्धा झाली ती म्हणजे पुरुषांच्या १०० मीटरची हीट (प्राथमिक फेरी). फायनल १० एप्रिलला. अमेरिकेचा टॉम बर्क १२.० मध्ये पहिला, जर्मनीचा फ्रिट्झ हॉफमन १२.२ मध्ये दुसरा, आणि तिसऱ्या नंबरला अमेरिकेचा लेन आणि हंगेरीचा सोकोली दोघं बरोबरीत, १२.६. पाचवा ग्रीसचा खाल्कोकोंडिलिस. सहावा कर्टिस होता, पण त्याला हर्डल्ससाठी (अडथळ्यांच्या शर्यतीसाठी) पाय राखून ठेवायचे होते म्हणून तो फायनलला उतरलाच नाही आणि ती हर्डल्स त्याने जिंकली पण. आता हे १२.० बघून जो तो म्हणतो, हॅ, एवढं तर आमच्या तालुक्याच्या स्पर्धेत पोरं पळतात. मला त्या "हॅ" चा राग येतो. म्हणून हा सगळा खटाटोप, की त्या काळच्या साधनांत पळून बघायचं आणि त्या १२.० ची किंमत आजच्या हिशेबात काय होते ते पायाने मोजायचं.

या आठवड्यात तीन गोष्टी झाल्या, घड्याळ, बूट आणि पुतण्या.

घड्याळ. पुण्याच्या जुन्या बाजारात किल्लीचं स्टॉपवॉच मिळालं हे मागे सांगितलंच होतं, ते आता साफ होऊन आलंय. याची गंमत अशी की काटा सरकत नाही, टिकटिक उडी मारतो, सेकंदाला पाच उड्या. म्हणजे १२.१ किंवा १२.३ असं काही यात दिसूच शकत नाही, १२ नंतर एकदम १२.२. जुन्या निकालांत सगळ्या वेळा शून्य, दोन, चार, सहा, आठ अशाच का येतात ते मला इतकी वर्षं कळलं नव्हतं, घड्याळ हातात आल्यावर पाच मिनिटांत कळलं. त्यामुळे बर्क १२.० आणि हॉफमन १२.२ यातला फरक म्हणजे काट्याची एक उडी, प्रत्यक्षात तो थोडा कमीजास्त असणारच.

दुसरी भानगड आवाजाची. पहिले दोन आठवडे शाळेतले पीटीचे सर शंभर मीटरवर उभं राहून क्लॅपरचा (स्टार्टसाठी एकमेकांवर आपटायच्या दोन फळ्या) आवाज ऐकून बटण दाबत होते आणि मी खुश, १४.२ काय, १४.४ काय. मग लक्षात आलं की आवाजाला शंभर मीटर यायला जवळपास ०.३ सेकंद लागतात, घड्याळ तेवढं उशिरा सुरू होतं. म्हणजे ती माझी प्रगती नव्हतीच, हवेची कृपा होती. बंदुकीचा धूर दिसला की बटण दाबायचं असा नियम टायमरला का शिकवतात ते यासाठी. आपल्याकडे धूर नाही, त्यामुळे आता क्लॅपरच्या वरच्या फळीला पांढरं फडकं बांधलंय आणि सर फडकं बघून दाबतात. सगळ्या जुन्या वेळा वहीतून खोडल्या. जीवावर आलं पण खोडल्या.

बूट. हा भाग लवकर उरकतो कारण लाज वाटते. चामड्याच्या जुन्या बुटाला खालून खिळे मारून घेतले, चप्पल शिवणाऱ्या काकांनी तीनदा विचारलं, साहेब नक्की ना, मी म्हटलं नक्की. चाळीस मीटरला एक खिळा उलटा आत आला. टिटॅनसचं इंजेक्शन, चार दिवस सुट्टी, आणि घरी जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाचव्या दिवशी मी सरळ अनवाणी पळालो आणि खरं सांगू का, कोरड्या मुरमावर अनवाणी फार काही वाईट नाही, पहिले वीस मीटर तळवा भाजतो, नंतर विसरायला होतं. तेव्हा आठवलं की १९२० च्या आधी डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत खेड्यातली पोरं अशीच अनवाणी पळत होती, आणि ते बघून जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटांनी अँटवर्प ऑलिम्पिकला भारताची टीम पाठवायचं मनावर घेतलं. बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनला गेला ते आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्याच टीममध्ये बंगालचा पूर्मा बॅनर्जी १०० आणि ४०० ला होता, झेंडा पण त्याच्याच हातात होता, त्याचं नाव कुणी घेत नाही. स्प्रिंटरचं नशीब, अकरा-बारा सेकंदांत सगळं संपतं.

आता स्टार्ट. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय.

फायनलच्या स्टार्टचा तो फोटो सगळ्यांनी बघितला असेल, एकटा बर्क दोन्ही हात जमिनीला टेकवून खाली आणि बाकीचे आपापल्या तऱ्हेने उभे. ते बघून असं वाटतं की बाकीचे अडाणी आणि हा एकटा शहाणा. मी पण तसंच समजत होतो. क्राउच काही त्या दिवशी अथेन्समध्ये जन्माला आला नव्हता, येलचा चार्ल्स शेरील १८८८ मध्येच तसा स्टार्ट घेत होता, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांत तो जुना झाला होता, युरोपात पोचला नव्हता एवढंच. पण मग नऊ आठवडे झाले तरी माझा उभा स्टार्ट क्राउचपेक्षा फास्ट का?

कारण खड्डे. स्टार्टिंग ब्लॉक १९२० च्या दशकाच्या शेवटी आले, ऑलिम्पिकमध्ये तर थेट १९४८ ला, तोपर्यंत जो तो आपापलं खुरपं घेऊन येणार आणि लाईनच्या मागे पायासाठी खड्डे खणणार. जेसी ओवेन्सने १९३६ ला बर्लिनमध्ये पण हेच केलं. ऐकायला सोपं वाटतं. मी बायकोचं बागेतलं खुरपं नेलं (परत आणलं, धार गेली, तो वेगळा विषय). मुरमात खड्डा खणला की मागची भिंत भुसभुशीत होते, तुम्ही सगळा जोर लावून रेटा देता आणि ती भिंत ढासळते, पाय दोन बोटं मागे घसरतो, आणि तुम्ही पळायला लागायच्या ऐवजी नमस्कार घालायला निघाल्यासारखे दिसता. सर म्हणाले, अहो साष्टांग घालू नका, पळा. उपाय सापडलाय तो असा, आदल्या रात्री तिथे पाणी मारून ठेवायचं, सकाळी खड्डा अरुंद आणि उभ्या भिंतीचा खणायचा, मागचा पाय पुढच्यापेक्षा उथळ, आणि काढलेला मुरूम मागे धुमसून बसवायचा. यानंतर क्राउच १५.२ वरून १४.८ ला आला.

तरी उभा १४.६ च. क्राउचचा फायदा पायात ताकद असेल तरच मिळतो, नाहीतर माझ्यासारख्याचे पहिले चार स्टेप नुसतं उभं राहण्यातच जातात. त्यामुळे त्या फोटोतल्या बाकीच्या चौघांकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो. नवीन, मऊ ट्रॅक, आणि सवय नसलेला स्टार्ट फायनलला ट्राय करायचा? मी पण उभाच राहिलो असतो.

फॉल्स स्टार्टचा (इशाऱ्याआधीच निघण्याचा) नियम पण मी जुनाच ठेवलाय, बाद नाही, एक यार्ड मागे. १९०४ ला सेंट लुईसमध्ये २०० च्या फायनलला आर्ची हानच्या बाकी तिन्ही प्रतिस्पर्ध्यांना असंच मागे सरकवलं होतं, आणि मग हानने सरळ ट्रॅकवर २१.६ मध्ये जिंकली, चौघांतला एकटाच लाईनवर! मला आत्तापर्यंत सात वेळा मागे जावं लागलंय. सर फार कडक आहेत.

आता पुतण्या. इंटरकॉलेजला पळतो, सिंथेटिकवर ११.५, हाताने स्टॉपवॉच दाबून घेतलेली वेळ. रविवारी आला, कानात इअरफोन, म्हणे काका बारा सेकंद काय सांगता, बारा मी वॉर्मअपला मारतो. म्हटलं ये, मार. स्पाईक्स काढ, हे कॅनव्हास घाल, हे खुरपं, तो मुरूम. त्याने खड्डे असे खणले की जणू झाड लावायचंय. पहिली रन १२.६, चौथ्या स्टेपला घसरला. दुसरी १२.४. मग गप्प झाला, इअरफोन काढून खिशात ठेवले, माझ्याकडून खड्ड्याला पाणी मारून घेतलं, वीस मिनिटं बसला आणि तिसरी पळाला जीव खाऊन. सरांनी घड्याळ दाखवलं, १२.२.

वही बघून म्हणाला, म्हणजे मी हॉफमन? मी म्हटलं तेवढ्याने हॉफमन होत नाही बाळा, तो जर्मन जिम्नॅस्टिक टीममध्ये पण होता, तिथे टीमची गोल्ड घेतली आणि दोर चढण्याच्या स्पर्धेत तिसरा आला, तुला दोर चढता येतो का? मल्लखांब शिक आधी. त्यावर तो काही बोलला नाही, फक्त पुढच्या रविवारी किती वाजता यायचं एवढं विचारून गेला.

आता लगेच उड्या मारू नका, मी पण मारत नाहीये. एक पोरगा, एक मैदान, एक सेकंडहँड घड्याळ, यातून काही सिद्ध होत नाही. आणि उलट बाजू पण सांगितली पाहिजे. १८९१ मध्येच पॅरिसला ल्यूथर केरी १०.८ पळालेला होता, १८९० मध्ये जॉन ओवेन १०० यार्ड ९.८ ला. म्हणजे १२.० हे त्या काळातसुद्धा स्लोच होतं. अमेरिकेचा तेव्हाचा खरा स्प्रिंट चॅम्पियन बर्नी वेफर्स अथेन्सला गेलाच नव्हता, आणि बर्क मुळात ४४० यार्डांचा गडी, ४०० पण त्यानेच जिंकली, ५४.२. तीसुद्धा घड्याळाच्या दिशेने, म्हणजे आपल्या उलट पळून, आणि त्या स्टेडियमची वळणं हेअरपिनसारखी. मी एकदा दोन खांब लावून तसं वळून बघितलं, गुडघा अजून दुखतोय, परत करणार नाही.

पण माझं म्हणणं एवढंच, की ट्रॅक बाजूला ठेवून नुसता आकडा बघू नका. त्याच पॅनाथेनाइक स्टेडियममध्ये दहा वर्षांनी, १९०६ ला, आर्ची हान ११.२ पळाला. हान बर्कपेक्षा चांगला स्प्रिंटर होता हे कबूल, पण एवढा सगळा फरक एकट्या माणसाचा असेल असं मला नाही वाटत. १८९६ चा ट्रॅक लंडनहून चार्ल्स पेरीला बोलावून नवाकोरा केलेला, अजून नीट बसलेला नव्हता. आणि नवीन टाकलेल्या मऊ जमिनीवर पळणं काय असतं ते आमच्या मैदानावर गेल्या महिन्यात नवीन मुरूम पडला तेव्हा मी बघितलंय, त्या आठवड्याच्या माझ्या सगळ्या रन पंधराच्या वर आहेत. आपल्या कलकत्त्याच्या नॉर्मन प्रिचर्डची केस अजून भारी, १९०० ला पॅरिसमध्ये ट्रॅकच नव्हता, बागेतलं गवत, त्यावर तो २०० ला २२.८ पळून दुसरा आला, हर्डल्सला पण दुसरा. ओल्या गवतावर मी स्टार्टसुद्धा घेऊ शकलेलो नाही.

तर पुढचं काम मुरूम सोडून कोळशाच्या राखेवर. तसा ट्रॅक म्हणजे खाली खडी, वर जाड खंगर (जळून घट्ट झालेले कोळशाचे खडे), मग बारीक चाळलेली राख आणि माती, पाणी मारून रोलर फिरवायचा. क्रिकेटवाल्यांकडचा रोलर सरांनी सांगून ठेवलाय. पूर्ण शंभर मीटर परवडणार नाही, सुरुवातीचे वीस मीटर, एक लेन, म्हणजे निदान स्टार्ट तरी खऱ्या पृष्ठभागावर तपासता येईल, आणि खड्ड्याची भिंत त्यात टिकते का ते कळेल. गुऱ्हाळाची राख आणून बघितली, ती चिपाडाची असते, पिठासारखी उडते, उपयोग नाही. वीटभट्टीवरची दगडी कोळशाची पाहिजे. सातारा-कऱ्हाड पट्ट्यात कुणाची ओळखीची भट्टी असेल तर कळवा, अर्धी ट्रॉली पुरे, भरून मी नेईन, चाळणी पण माझी.